प्लॅस्टिकातली माती आणि मुरगूडची म्हैस

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस "आपण काय करत होता?" म्हणून विचारतो, तेव्हा मी खरं तेच सांगतो. "प्लॅस्टिकात दगड कालवत होतो." पुढं तो काही विचारत नाही. एक तर त्याला वाटतं मी चेष्टा करतोय, नाहीतर मी भेसळीच्या धंद्यातला आहे. एका पावण्यानं तर हे ऐकून आपल्या वाटीतली बासुंदी चमच्यानं ढवळून, तळापर्यंत बघून घेतली होती.

भेसळीत आणि आमच्या धंद्यात फरक एवढाच, की भेसळीनं माल बिघडतो आणि आमच्या कालवण्यानं सुधारतो. निदान सुधारावा अशी अपेक्षा असते. तुम्ही बसता ती प्लॅस्टिकची खुर्ची, गाडीच्या आतला डॅशबोर्ड, मिक्सरचं बूड, ह्या सगळ्यांत दगडाचं पीठ असतं. कुठं खडूचं, कुठं शंखजिऱ्याचं. नुसतं प्लॅस्टिक मऊ असतं, उन्हात वाकतं. त्यात पीठ घातलं की त्याला ताठपणा येतो.

कालवायचं यंत्र म्हणजे चकलीचा सोऱ्या समजा, फक्त ट्रकएवढा लांब आणि आत दोन मोठे स्क्रू एकमेकांत अडकून फिरणारे. एका तोंडानं प्लॅस्टिकचा दाणा आणि पीठ टाकायचं, आत ते वितळून मळलं जातं, दुसऱ्या तोंडानं शेवेसारख्या दोऱ्या बाहेर येतात. त्या पाण्यातून गार करून कापल्या की पुन्हा दाणा तयार. सगळी कसोटी एकाच गोष्टीत असते, गुठळी राहता कामा नये. पिठल्यात गुठळी राहिली तर घरचे बोलतात. आमच्यात गुठळी राहिली तर खुर्ची मोडते आणि ज्याच्याखाली मोडली तो बोलतो.

गोकुळ शिरगावच्या एका छोट्या कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. मालक शिवलिंगअण्णा. गडहिंग्लजकडचं घराणं, घरात निम्मं कन्नड. मला कायम "तम्मा" म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. खरं तर मी त्यांच्यापेक्षा थोरला होतो. पण अण्णांना वाटायचं, पगार देणारा तो थोरला.

ही गोष्ट माझ्या निवृत्तीच्या बरीच वर्षं आधीची आहे. आमचा दाणा घेणारा खुर्च्यांचा मोठा कारखानदार पुण्याकडून माल घ्यायला लागला आणि आमची मशीन दिवसेंदिवस गप्प राहायला लागली. माणसं येऊन मशीन पुसायची आणि घरी जायची. मशीन इतकी चकचकीत झाली की आरशासारखी त्यात तोंडं दिसायला लागली, आणि ती सगळ्यांची उतरलेली. अण्णा रोज सकाळी शेडच्या दारात उभे राहून म्हणायचे, "तम्मा, बंद करूया काय?" आणि संध्याकाळी स्वतःच म्हणायचे, "बघू उद्या."

अशात एक दिवस मुरगूडचे वसंतराव आले. ह्यांचं गोठ्याच्या सामानाचं दुकान. दुधाच्या बादल्या, दावी, पेंड, सगळं. त्यांनी पोत्यातून टबाचे तुकडे काढून अण्णांच्या टेबलावर ओतले.

"हे बघा तुमचं प्लॅस्टिक," ते म्हणाले.

"आमचं न्हवं हे," अण्णा म्हणाले.

"तुमचं नसंल, पर तुमच्याच जातीचं हाय की! पेंड कालवून टब म्हशीपुढं ठेवायचा, म्हस लाथ घालणार, टब फुटणार. लोखंडाचा ठेवला तर म्हशीचा पाय सुजतोय. आता असा टब द्या की लाथ खाईल पर फुटणार न्हाय. तसा टब दिलासा, तर कागल तालुक्यातल्या एकेका गोठ्यात तुमचा टब ठेवतो. पर एक अट. आमच्या फौजदारीणनं पास केला पाहिजे."

"फौजदारीण कोण?" अण्णांनी विचारलं. त्यांना वाटलं, सरकारी परवानगीचा काही प्रकार असावा.

"आमची म्हस," वसंतराव म्हणाले.

अण्णांची पुतणी कोल्हापुरातच प्लॅस्टिकवर संशोधन करून डॉक्टर झाली होती. शुभांगी तिचं नाव, वयानं माझ्या मुलीएवढी, पण आम्ही तिला मॅडमच म्हणायचो. तिनं टबाचा तुकडा वाकवून बघितला आणि म्हणाली, "ह्यात खडू वारेमाप घातलाय. पिठाचा कण मोठा असला की त्याच्या कडेनं तडा सुरू होतो. आपण माती वापरू."

"माती?" अण्णा म्हणाले. "धंद्याची झालीया तेवढी पुरे की!"

मॅडमनी मग समजावून सांगितलं, ते मला फार आवडलं. ही माती बेंटोनाइट जातीची. मुलतानी मातीची चुलत बहीण म्हणा. हिचा एकेक कण म्हणजे पत्त्यांचा चिकटलेला कॅट असतो. तो प्लॅस्टिकात नीट पिसला की एकेक पत्ता सुटा होतो. पत्ता किती पातळ? आपल्या केसाचे हजारो पापुद्रे काढले तर त्यातला एक. असे कोट्यवधी पत्ते प्लॅस्टिकात पसरले की चिमूटभर मातीत ताठपणाचं काम होतं, ओंजळभर खडू लागत नाही. अडचण एकच. मातीला पाणी आवडतं आणि प्लॅस्टिक पडलं तेलाच्या जातीचं, त्यामुळं दोघांचं जमत नाही. म्हणून कारखान्यात मातीला आधी एक रसायन लावून तिचा स्वभाव बदलतात. मग ती पाण्याला विचारत नाही, तेलाला चिकटते.

हे सगळं मी ऐकलं. अण्णांनी मात्र त्यातलं एकच ऐकलं, ते म्हणजे "मुलतानी मातीची चुलत बहीण".

मातीचं पोतं आलं. मैद्यासारखं मऊ, पिवळसर पांढरं. त्याच आठवड्यात अण्णांच्या मुलीचा साखरपुडा होता. त्या दिवशी दुपारी मला वैनींचा, म्हणजे अण्णांच्या मिसेसचा फोन.

"भावजी, जरा घरी या. तुमच्या अण्णांच्या तोंडाला पाणी लागंना झालंय."

मला वाटलं, पाणी पिणं बंद झालं म्हणजे काहीतरी भलतंच. स्कूटर घेऊन धावत गेलो. अण्णा न्हाणीघरात स्टुलावर बसलेले. कपाळापासून गळ्यापर्यंत आणि वर टकलावरसुद्धा लोण्यासारखा पिवळट थर. वैनी तांब्यानं पाणी ओतत होत्या आणि पाणी अळूच्या पानावरून पळावं तसं अण्णांवरून पळत होतं.

"अण्णा, हे काय केलंसा?"

"तूच म्हणालास की, मुलतानी मातीची बहीण!"

"मी न्हवं, मॅडम म्हणाल्या. आणि त्या टबाबद्दल बोलत होत्या!"

झालं होतं असं. पावणे यायच्या आत तोंड जरा उजळावं म्हणून अण्णांनी कारखान्यातून डबाभर माती घरी आणली. पाण्यात कालवायला गेले तर ती कालवेना. पाण्यावर नुसती तरंगत बसली. म्हणून त्यांनी खोबरेल तेलात घोटली. तिथं मात्र अशी झकास जमली, की अण्णांना वाटलं माल एक नंबर हाय. आणि दिली थापून.

मी मॅडमना फोन लावला. पलीकडून आधी बराच वेळ काहीच आवाज येईना. मग म्हणाल्या, "काका, त्याला रसायन लावलंय! तोंडाला लावायची वस्तू आहे का ती? भांडी घासायचा साबण घ्या. त्यानं तेल सुटेल. मग बेसन लावून धुवा. आणि डोळ्यात जाऊ देऊ नका." मग फोनवर पुन्हा आवाज येईना. हसत होत्या, हे मला नंतर कळलं.

वैनींनी नवऱ्याला तवा घासावा तसा घासला. माती निघाली, पण अण्णा पिकल्या टोमॅटोसारखे लाल झाले. डॉक्टरांनी मलम दिलं. संध्याकाळी निपाणीहून पावणे आले. नवऱ्यामुलाचे वडील अण्णांकडं बघून गहिवरून म्हणाले, "लेकीच्या लग्नाचं तेज हो! तोंडावर कसं दिसायलंय बघा!" वैनी पदर तोंडात धरून आत गेल्या.

दुसरा कुणी असता तर त्या मातीपासून लांब राहिला असता. अण्णांवर उलटाच परिणाम झाला. ते लाल तोंडानं शेडमध्ये आले आणि म्हणाले, "तम्मा, ही माती लई चिवट हाय. माझं तोंड सोडंना, तर टब काय सोडंल! दाबून घाला."

मॅडम त्या दिवशी नव्हत्या. शंभर किलोला चार किलोच्या वर जाऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. मी तसं म्हणालोही. पण अण्णा मालक. पोत्याचं तोंड त्यांनी स्वतः धरलं. मशीन घुरघुरायला लागली, दोऱ्या खडबडीत आणि चहाच्या रंगाच्या येऊ लागल्या. शेजारच्या शेडमधल्या साच्याच्या मशीनवर त्याचा टब पाडला. दिसायला देखणा! टिचकी मारली की टण्ण वाजायचा. अण्णांनी सगळ्यांना एकेक टिचकी मारायला दिली.

टेम्पोतून टब मुरगूडला नेला. वसंतरावांच्या गोठ्यात फौजदारीण बांधलेली होती. पंढरपुरी जातीची, लांब तलवारीसारखी शिंगं, आणि नजर अशी की आपल्याला वाटावं, आपलं लायसन घरी राहिलंय. अण्णांनी तिच्यापुढं हात जोडले आणि टब उतरवायला सांगितलं. टेम्पोच्या फळीवरून तो निसटला, जमिनीवर पडला आणि त्याचे चार तुकडे झाले.

फौजदारीण रवंथ करत होती.

शेवटी वसंतराव म्हणाले, "अण्णा, तिनं अजून पाय पण उचलला न्हाय."

परत येताना कात्यायनीच्या फाट्याजवळ अण्णांनी टबाचा एक तुकडा उचलून उलटापालटा केला. मग म्हणाले, "माती खाल्ली, तम्मा." मला हसू आवरलं नाही. आधी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं त्यांनी, मग स्वतःच हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. "पोरास्नी काय सांगू?" म्हणाले. पोरं म्हणजे मशीनवरची माणसं. त्यांच्यात निम्मे नातवंडं असलेले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. तुकडा हातात घेतला आणि म्हणाल्या, "आत सगळा कॅट तसाच चिकटलेला आहे. पत्ते सुटलेच नाहीत. जास्त माती म्हणजे जास्त गुठळ्या. आणि आणखी एक. माती ताठपणा देते, लाथ सोसायचं बळ नाही देत. त्याला प्लॅस्टिकात थोडं रबर लागतं." मग अण्णांकडं वळून, "काका, तुम्ही ऑफिसात बसायचं. पोत्याला हात लावायचा नाही."

"आणि मी काय करू?"

"तोंडाला मलम लावा."

पुढचे काही दिवस मी फार सुखात काम केलं. मॅडमनी मशीनच्या स्क्रूचे तुकडे काढून पुन्हा वेगळ्या क्रमानं बसवायला लावले, म्हणजे पीठ आत जास्त वेळ मळलं जाईल. रबराचा अंश असलेलं प्लॅस्टिक मागवलं. माती चिमूटभर. आणि दोघांत एक मध्यस्थ घातला. हा मध्यस्थ म्हणजे असं प्लॅस्टिक, की ज्याचं एक टोक मातीला धरतं आणि उरलेलं अंग प्लॅस्टिकात मिसळतं. लग्न जमवणारे असतात ना, दोन्हीकडचे पावणे, तसं. मशीन सावकाश चालवायची, माती थोडी थोडी सोडायची. दोऱ्या हळूहळू गुळगुळीत यायला लागल्या. एक दाणा गरम पत्र्यात दाबून मॅडमनी त्याचा पातळ पापुद्रा केला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. एक ठिपका नव्हता. मॅडम जागच्या जागी उडी मारून ओरडल्या, "सुटले पत्ते!" अण्णा ऑफिसातून पळत आले. त्यांना वाटलं, शेडमध्ये कोण तीन पानी खेळतंय.

दुसऱ्यांदा मुरगूडला गेलो, ते सगळे. मी, अण्णा, मॅडम, आणि टेम्पोच्या हौद्यात मशीनवरची माणसं. अण्णांनी पांढरा विजार-सदरा घातला होता. म्हणाले, "आज निकाल हाय."

टब उतरवताना चौघांनी धरला. मग त्यात पेंड घालून फौजदारीणपुढं ठेवला. तिनं वास घेतला, दोन घास खाल्ले, आमच्याकडं एकदा बघितलं, आणि वळून लाथ घातली.

टब उडाला, गोठ्याच्या भिंतीवर आदळला आणि गडगडत परत तिच्याच पायाशी आला. तिला हे नवीन होतं. तिनं पुन्हा घातली. टब पुन्हा परत. तिसऱ्या लाथेला तर तो वसंतरावांच्या गुडघ्यावर बसला आणि ते "आई गं" म्हणून खाली बसले. टब शाबूत.

"फुटंना झालाय!" अण्णा ओरडले.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण फौजदारीणला तो स्वतःचा अपमान वाटला. ती फुसकारली, मान खाली घातली आणि टबाला शिंग लावलं. शिंग बरोबर टबाच्या कडीत गेलं. तिनं मान उचलली तसा टब तिच्या तोंडावर बसला, पेंड डोळ्यात गेली, आणि दावं तोडून ती सुटली.

पुढं फौजदारीण, मागं वसंतराव लंगडत, त्यांच्या मागं अण्णा, आणि मागं आम्ही सगळे. बाजाराचा दिवस. माणसं भाजी सोडून कट्ट्यावर चढली. टब आधी विजेच्या खांबावर आपटला, धाड्! मग एका उभ्या ट्रॅक्टरच्या चाकावर. मग पानपट्टीच्या खोक्यावर. प्रत्येक आवाजाला अण्णा पळता पळता ओरडायचे, "तम्मा! तडा गेला काय बघ!"

"अवो, म्हस बघा की आधी!" वसंतराव ओरडायचे.

"म्हस तुमची हाय, टब माझा हाय!"

एका सुताराला दया आली. फौजदारीण एका बोळात अडकली तेव्हा तो हातोडा घेऊन पुढं झाला, टब फोडून तिला सोडवायला. त्यानं दोन घाव घातले. हातोडा उडून त्याच्याच खांद्यावरून मागं गेला. "कशाचा हाय वो हा?" त्यानं विचारलं.

"मातीचा!" अण्णा म्हणाले. तो सुतार अजून कुणाला तरी ही गोष्ट सांगत असेल.

बोळातून सुटून ती थेट तळ्यावर गेली आणि पाण्यात शिरली. आम्ही काठावर धापा टाकत उभे. ती गळ्यापर्यंत बुडाली आणि टब आपोआप वर आला. प्लॅस्टिक ते, माती घातली तरी तरंगणारच. शिंगावरून कडी अलगद निसटली, टब एकीकडं निघाला, आणि फौजदारीण डोळे मिटून बसून राहिली, जणू काही झालंच नाही.

टब वाऱ्यानं आत आत जायला लागला.

"जाऊ दे अण्णा, दुसरा पाडू," मी म्हणालो.

पण अण्णा चपला काढून, पांढऱ्या कपड्यांसकट तळ्यात उतरले. पोहायला येतं का त्यांना, हे मला माहीत नव्हतं. येत होतं. टब डोक्यावर उपडा घालून, चिखलानं माखून ते बाहेर आले, आणि काठावर बसून त्यांनी त्याच्यावर बोट फिरवत फिरवत सगळा टब तपासला. ओरखडे होते. तडा एकही नव्हता. मॅडम पुढं होऊन त्यांच्या पाया पडायला वाकल्या, तर अण्णांनी त्यांनाच हात जोडले.

काठावरच्या पोरापोरींनी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते आमच्या नातेवाइकांच्या फोनवरसुद्धा आलं. आठवड्याभरात टबासाठी मागण्या यायला लागल्या, मुरगुडातून, कापशीतून, पार सीमेपलीकडून. मशीन दिवसभर चालायला लागली, आणि पुसायला कुणाला वेळ मिळेना.

चांगली काही वर्षं गेली. मग मागण्या कमी होत होत थांबल्या. का, ते आधी आम्हाला कळेना. मग वसंतराव एक दिवस आले आणि अवघडून बसले.

"अण्णा, एक सांगू काय? प्रत्येक गोठ्यात टब हाय. पर फुटंना झालाय. एकदा घेतलेला माणूस पुन्हा दुकानात येतच न्हाय."

"मग?"

"जरा... दोन-तीन वर्षांत तडा जाईल असं कायतरी घाला की त्यात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ते अगदी सोपं आहे. मूठमूठ खडू घातला की आपोआप फुटेल, त्याला डॉक्टरची पण गरज नाही.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आजही पडतो. जन्मभर मी प्लॅस्टिक मोडू नये म्हणून झटलो, आणि आता जो तो म्हणतो, हे प्लॅस्टिक मोडत नाही हाच घोळ आहे. मातीत घातलं तर मातीत मिसळत नाही, आणि ज्यात माती मिसळली आहे ते वितळवून पुन्हा वापरायलाही अवघड. मॅडम हल्ली तेच शोधत असतात, हे सगळं पुन्हा सुटं कसं करायचं. फोन आला की मी म्हणतो, मॅडम, एकत्र करायला एवढा त्रास झाला, आता सुटं करायला किती होईल! त्या हसतात, पण काम सोडत नाहीत.

त्या दिवशी मात्र अण्णांनी वसंतरावांना विचारलं, "ती म्हस अजून हाय काय?"

"फौजदारीण? हाय की. म्हातारी झालीया, पर लाथ तशीच हाय."

"मग न्हाय जमायचं, पावणं," अण्णा म्हणाले आणि चहा सांगायला उठले. "तिच्या म्होरं फुटका टब घेऊन मी एकदा गेलतो. दुसऱ्यांदा जाणार न्हाय."